एमडीआर टीबीचे सरकारी मोफत उपचार, मुंबई: पाचपैकी चार स्टार, आणि एक स्टार का कापला

निकाल आधीच सांगून टाकते. तपासणीला पाच, औषधांना पाच, केंद्रातल्या हेल्थ व्हिजिटर ताईंना पाचाहून जास्त देता आले असते तर दिले असते, पण स्टॉक, खात्यात वेळेवर पैसे येणं आणि पेशंटशी दोन मिनिटं नीट बोलणं याला दोनच. सरासरी काढून चार. टीबीच्या उपचारांबद्दल कुणी मोकळेपणाने लिहीत नाही कारण सोसायटीत कळलं तर काय, लग्नाचं काय, कामावर काय, हे सगळं असतंच, आणि मग भांडुप किंवा मानखुर्दमध्ये रात्री मोबाईलवर शोधणाऱ्या माणसाला फक्त घाबरवणारं वाचायला मिळतं, म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय.

पेशंट माझा धाकटा भाऊ, त्याला एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी झाला. मरोळला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. खोकला बरेच आठवडे होता, एका खाजगी डॉक्टरने (नाव टाकत नाही) सिरप आणि अँटिबायोटिकचे कोर्स बदलून बदलून दिले, बेडका तपासा असं एकदाही म्हणाले नाहीत. वजन उतरलं, संध्याकाळी ताप यायला लागला, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या त्याला सरकारी दवाखान्यात ने आणि बेडका दे. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर तुम्हीही हेच करा, थांबू नका, पैसे लागत नाहीत.

तिथे सीबीनॅट मशीनवर टेस्ट झाली. हे मशीन साधारण दोन तासांत सांगतं की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतोय की नाही. पूर्वी कल्चर लावून, म्हणजे बेडक्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून, आठवडेच्या आठवडे वाट बघायला लागायची आणि तोवर चुकीची औषधं चालू राहायची. आमचा रिपोर्ट आला त्यात रेझिस्टन्स होता, म्हणजे एमडीआरचा संशय, पुढे आणखी कोणत्या औषधांना जंतू दाद देत नाही ते बघणाऱ्या एलपीए नावाच्या टेस्टला नमुना गेला, ईसीजी, रक्त, लिव्हर, एक्स-रे सगळं झालं आणि मग डीआर-टीबी सेंटरच्या (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या केंद्राच्या) डॉक्टरांनी बीपाल-एम नावाचा गोळ्यांचा कोर्स सुरू केला. घरात रडारड झाली ती वेगळीच.

आता ही टेस्ट फुकट कशी, हे मी नंतर वाचलं. मशीनच्या कार्ट्रिज (ज्यात बेडक्याचा नमुना घालतात त्या डब्या) महाग होत्या. २०१२ मध्ये युनिटेड ही आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्था, अमेरिकन सरकारच्या संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून कंपनीशी करार केला आणि गरीब आणि मध्यम देशांसाठी किंमत १० डॉलरच्या आत आली. मग जगभरच्या टीबी कार्यकर्त्यांनी हे अजूनही जास्त आहे म्हणून वर्षानुवर्षं मागे लागून २०२३ मध्ये ती ८ डॉलरच्या आत आणायला लावली. माझ्या भावाचा बेडका ज्या कार्ट्रिजमध्ये गेला तिच्या किमतीवर इतक्या देशांतली माणसं भांडलीयत हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

औषधांबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण खरा पाच स्टारचा भाग हाच आहे.

बीपाल-एम म्हणजे चार औषधं: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. साधारण सहा महिने, सगळ्या गोळ्या, एकही इंजेक्शन नाही. आधीचे गोळ्यांचे कोर्स १८ ते २० महिन्यांचे आणि त्याच्याही आधी कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं रोज, कित्येक महिने, ज्याने अनेकांचे कान गेले, कायमचे गेले. आमच्या नात्यातल्या एक आत्या आहेत, त्यांचा तो जुना कोर्स झालेला, त्या भावाच्या गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन विचारत होत्या, "सुई नाहीच? खरंच नाही?" नाहीच आत्या.

ही इंजेक्शनं बंद होण्यात आणि या गोळ्या स्वस्त होण्यात दोन मुलींचा वाटा आहे आणि त्यातली एक आपल्या मुंबईची. नंदिता वेंकटेशन. तिला पोटातला टीबी दोनदा झाला आणि उपचारात ऐकू येणं गेलं. दुसरी फुमेझा टिसिले, दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनजवळच्या खायेलित्शाची, तिचंही तसंच, इंजेक्शनने कान गेले. बेडाक्विलिन जॉन्सन अँड जॉन्सनचं. मूळ पेटंट जुलै २०२३ ला संपणार होतं, पण कंपनीने त्याच औषधाच्या फ्यूमेरेट क्षाराच्या रूपावर आणखी एक पेटंट मागितलं होतं, ते मिळालं असतं तर भारतात २०२७ पर्यंत दुसऱ्या कुणाला ते बनवता आलं नसतं. या दोघींनी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय डॉक्टरांच्या संस्थेच्या मदतीने २०१९ मध्ये आपल्या पेटंट ऑफिसात हरकत घेतली. आपल्या कायद्यात पेटंट मिळायच्या आधीच कुणालाही हरकत घेता येते, आणि जुन्याच औषधाला थोडं बदलून पुन्हा पेटंट मागायचं असेल तर कलम ३(ड) आडवं येतं. २३ मार्च २०२३ ला कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

याचा परिणाम पैशात बघा. २०२० मध्ये ग्लोबल ड्रग फॅसिलिटीमार्फत (ही संस्था अनेक देशांसाठी टीबीची औषधं खरेदी करते) बेडाक्विलिनच्या सहा महिन्यांच्या कोर्सला ३४० डॉलर पडायचे. पेटंट संपल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध, आलं आणि सगळ्यात कमी किंमत १३० डॉलरवर आली. यात जेनेरिकवाली कंपनी लुपिन, मुंबईचीच. प्रेटोमॅनिड बनवायचा परवाना ज्यांना मिळाला त्यात मॅक्लिऑड्स आहे, तीही मुंबईची. आपल्याकडे असं समजतात की बाहेरून मदत येते आणि आपण घेतो, पण इथे मुंबईतल्या आणि खायेलित्शातल्या पेशंटनी मिळून जगभरच्या पेशंटसाठी किंमत पाडलीय आणि मुंबईतल्या कंपन्यांची औषधं जगभर चाललीयत, मला हे वाचून खूप अभिमान वाटला आणि तो मी लपवणार नाही.

प्रेटोमॅनिड तर नफ्यासाठी नसलेल्या टीबी अलायन्स नावाच्या संस्थेने तयार केलंय. टीबी गरिबांचा आजार म्हणून मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता, म्हणून २००० साली सरकारांच्या आणि फाउंडेशनच्या पैशातून ही संस्था काढली. त्यांची निक्स-टीबी चाचणी दक्षिण आफ्रिकेत झाली, १०९ पेशंट, सगळे अतिशय अवघड केसेस, जवळजवळ ९० टक्के बरे झाले. मग मॉक्सिफ्लॉक्सासिन जोडून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने बेलारूस, उझबेकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत चाचणी घेतली, त्यात या चार औषधांनी ८९ टक्के लोकांना गुण आला आणि जुन्या पद्धतीने ५२ टक्क्यांना. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने शिफारस केली, सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयाने मंजुरी दिली. म्हणजे मिन्स्क आणि ताश्कंदकडच्या कुण्या अनोळखी पेशंटनी आपल्या अंगावर ही औषधं आधी घेतली म्हणून माझ्या भावाला ती मिळतायत.

आणि हे एकाच दिशेने नाही बरं का. १९५६ मध्ये मद्रासला, आताच्या चेन्नईत, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), मद्रास सरकार, डब्ल्यूएचओ आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून टीबी केमोथेरपी (म्हणजे औषधोपचार) सेंटर काढलं. तेव्हा जगभर समज होता की टीबीला सॅनेटोरियम हवं, हवा, दूध, अंडी, पूर्ण आराम, आणि आपल्याकडे तेवढे बेड कुठून आणणार. १९५९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की झोपडीत राहून, कमी खाऊन, घरीच औषध घेणारे पेशंट सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात. आज जगात कुठेही टीबीचा पेशंट घरी राहून गोळ्या घेतो त्याच्या मागे हे मद्रासचं काम आहे. बाबा म्हणतात त्यांच्या लहानपणी शिवडीच्या टीबी हॉस्पिटलचं नाव काढलं की माणूस परत येत नाही असंच धरायचे, आणि आज नातू मांडीवर आणि मुलगा गोळी घेतोय, फक्त सुरुवातीच्या आठवड्यांत मास्क लावून आणि खिडकी उघडी ठेवून.

आता कापलेला स्टार.

पहिली गोष्ट स्टॉक. मधे एकदा आमच्या केंद्रावर लिनेझोलिड नव्हतं. "दोन दिवसांनी या." मग पुन्हा दोन दिवसांनी. एमडीआरमध्ये औषध चुकलं की जंतूला आयतीच संधी मिळते, ही गोष्ट त्या केंद्राच्या भिंतीवरच्या पोस्टरवर लिहिलेली आहे आणि त्याच पोस्टरखाली बसून आम्हाला औषध नाही असं ऐकायला लागलं. ताईंनी दुसऱ्या केंद्रातून मागवून दिलं, त्यांचा काहीच दोष नाही, त्या स्वतः फोन करकरून थकलेल्या. २०२४ च्या सुरुवातीला तर साध्या टीबीच्या औषधांचाही अनेक राज्यांत तुटवडा झाला होता, पेपरांत आलं होतं. ज्या देशातल्या कंपन्या जगाला टीबीची औषधं पुरवतात त्या देशात हे व्हायला नको.

दुसरी गोष्ट बोलणं. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कधी नजरेवर परिणाम होतो, रक्त कमी होतं. हे आम्हाला सुरुवातीला कुणी सांगितलं नाही. भाऊ दिवसभर लेथजवळ उभा राहणारा माणूस, पाय जड पडले तर त्याला वाटलं उभं राहून राहून होतंय, तो गप्प बसला. "ताई, तळव्याला काही लागतच नाहीये" असं एक दिवस घरी म्हणाला तेव्हा मी त्याला घेऊन गेले आणि डॉक्टरांनी लगेच तपासून डोस बघितला. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर रांग केवढी, ते तरी काय करणार. तुम्ही हे वाचत असाल तर पहिल्याच दिवशी विचारा: पायाला, डोळ्यांना काही झालं तर कुणाला फोन करायचा? ईसीजी पुन्हा कधी? कारण बेडाक्विलिनसाठी हृदयाकडे लक्ष ठेवायला लागतं. आणि बेडाक्विलिन पोटात काहीतरी असताना घ्यायचं, रिकाम्या पोटी नाही. ताई त्याला रोज विचारायच्या, "दादा, नाश्ता करून आलात का?" ते उगाच नव्हतं.

तिसरी गोष्ट पैसे. निक्षय पोषण योजनेत पेशंटला खाण्यासाठी महिन्याला पैसे मिळतात, एप्रिल २०१८ पासून ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, ही चांगलीच गोष्ट. पण आमच्याकडे आधार आणि बँक खात्याच्या घोळात ते बराच काळ आलेच नाहीत आणि आले तेव्हा एकदम आले, म्हणजे जेव्हा अंडी आणि दूध आणायचं होतं तेव्हा उधारीवर आणलं. खाण्याचा मुद्दा किरकोळ नाहीये हो. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या टीमने २८०० पेशंटच्या घरांत अभ्यास केला, अर्ध्या पेशंटच्या घरच्यांनाही दर महिना माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, तर त्या घरांत नवीन टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, संसर्गजन्य टीबीचं ४८ टक्क्यांनी. २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. डाळ-तांदळाने. मग रेशनमध्ये टीबीच्या घराला डाळ का देत नाहीत, हा माझा साधा प्रश्न आहे.

पगाराचं तर विचारूच नका. ईएसआयसीत (कामगारांच्या सरकारी विम्यात) नाव असलं तर टीबीसाठी दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के भत्ता मिळू शकतो. भावाच्या वर्कशॉपमध्ये माणसं इतकी कमी की ते ईएसआयसीत बसतच नाही. शेठने "बरा झालास की ये" म्हणून सांगितलं, म्हणजे बिनपगारी. औषध फुकट पण घर कसं चालणार, याचं उत्तर या सगळ्या सुंदर औषधांपैकी एकाकडेही नाही. मुंबईत छोट्या गाळ्यांमध्ये, झरीकामात, घरकामात, डिलिव्हरीत किती लोक असे आहेत आणि टीबी नेमका त्यांनाच जास्त होतो.

मी हे सगळं बोलते तेव्हा बाबा म्हणतात, "अगं फुकट देतायत ना, मग कशाला नावं ठेवतेस? उपकार मान." बाबांना मी उलटून बोलत नाही पण इथे माझं मत ठाम आहे. हे उपकार नाहीत. १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा करार झाला आणि भारताने तो १० एप्रिल १९७९ ला स्वीकारलाय. त्यात कलम १२ आरोग्याचं, ११ अन्नाचं, ९ सामाजिक सुरक्षेचं, १५ मध्ये तर विज्ञानाच्या प्रगतीचा फायदा प्रत्येकाला मिळाला पाहिजे असंही आहे. आणि कलम २ म्हणतं की हे हक्क प्रत्येक देशाने स्वतःच्या साधनांतून आणि दुसऱ्या देशांच्या मदतीने, सहकार्याने पुरे करायचे, जमेल तितक्या वेगाने, पण पुढेच जायचं. माझ्या भावाच्या गोळीत मद्रासचं संशोधन, आफ्रिकेतले पेशंट, युरोप-अमेरिकेतल्या करदात्यांचा पैसा आणि आपल्या पेटंट कायद्याचं एक कलम, सगळं एकत्र आलंय, त्यात कुणी कुणावर उपकार केले असं म्हणणं चुकीचं आहे. आणि हक्क आहे म्हणूनच स्टॉक का नाही, पैसे का आले नाहीत, हे विचारायचा मला अधिकार आहे. हॉटेलात पदार्थ गार आला तर आपण वेटरला बोलावतो, इथे माणसाचा जीव आहे.

एक काळजीची गोष्ट. अमेरिकेने हक्कांचा तो करार १९७७ मध्ये सही करून ठेवलाय पण अजून मंजूर केलेला नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी परदेशी मदत अचानक थांबवली, १ जुलै २०२५ पासून ही मदत देणारी यूएसएड ही संस्थाच बंद झाली. टीबीच्या संशोधनाला आणि गरीब देशांच्या कार्यक्रमांना यांचा पैसा मोठा होता. आपल्याकडचा औषधांचा खर्च बराचसा आपल्या बजेटमधून होतो म्हणून आपल्याला लगेच चटका बसला नाही, पण पुढचं औषध, पुढची लस, यासाठी चाचण्या कोण घेणार? जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. ग्लोबल फंडाकडून (टीबी, एड्स, मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी) आपण पैसे घेतो तसे त्यात घालतोही, ते आता आणखी वाढवायला हवेत असं मला वाटतं, आणि टीबी अलायन्ससारख्या ठिकाणी आपला पैसा आणि आपले शास्त्रज्ञ जास्त दिसायला हवेत. खायेलित्शाच्या मुलीने आपल्या पेटंट ऑफिसात आपल्यासाठी हरकत घेतली, तशी आपणही कुणासाठी तरी घ्यायला हवी.

हे उपचार कोणासाठी नाहीत तेही लिहिते, नाहीतर लोक मेसेज करत बसतील: १४ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना बीपाल-एम देत नाहीत, त्यांना दुसरा कोर्स असतो, डॉक्टर ठरवतात. साध्या टीबीला, म्हणजे रेझिस्टन्स नसेल तर, हे लागतच नाही, त्याचा वेगळा सहा महिन्यांचा कोर्स आहे आणि तोही फुकट. खाजगी डॉक्टरकडे चालू असेल तरी सरकारी औषधं मिळू शकतात, निक्षय आयडी (सरकारी टीबी पोर्टलवरचा पेशंटचा नोंदणी नंबर) काढून घ्या. जाताना आधार, बँकेचं पासबुक आणि आधीचे सगळे रिपोर्ट न्या, पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघा, आमचा सगळा घोळ तिथेच झाला. केंद्रावर कुणी ऐकत नसेल तर १८००-११-६६६६ ही निक्षयची हेल्पलाइन आहे, लागते, थोडा वेळ धरून ठेवायला लागतं.

आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी मागे ठेवू नका. आमच्याकडे ताई स्वतः घरी आल्या, सगळ्यांची चौकशी केली, पाच वर्षांखालच्या भाच्याची आधी केली. एमडीआरच्या घरातल्या माणसांना टीबी होऊ नये म्हणून द्यायचं औषध वेगळं असतं, साध्या टीबीवालं चालत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांचं बघून काही घेऊ नका, डीआर-टीबी सेंटरलाच विचारा. आमच्या घरी सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आलेत. भावाचं कल्चरही आता निगेटिव्ह आहे, पायाच्या मुंग्या अजून आहेत, त्यासाठी पुढच्या आठवड्यात न्यूरोलॉजीची अपॉइंटमेंट आहे, तिथला अनुभव इथेच खाली अपडेट करते.